एकमेव प्रतीचा मालक

जुन्या पुस्तकांचा नाद असलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारू नयेत. ‘एवढं सगळं वाचून झालंय का?’ आणि ‘केवढ्याला पडलं?’ पहिल्या प्रश्नाने तो दुखावतो आणि दुसऱ्याचं उत्तर घरातली मंडळी आत गेल्याशिवाय देत नाही. 1840 सालच्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या एका गृहस्थांनी या जमातीला तिसराच प्रश्न घातला, तोही छापून, टपालाने, घरपोच. जगात ज्याची एकच प्रत आहे असं पुस्तक विक्रीला निघालं, तर तुम्ही शहाण्या माणसासारखं वागाल का? विद्वान, ग्रंथपाल, पुस्तकविक्रेते आणि एका बड्या सरदारघराण्यातल्या राणीसाहेब, या सगळ्यांनी आपापल्या परीने उत्तर दिलं, आणि ते ‘नाही’ असं होतं.

प्रश्न आला होता लिलावाच्या कॅटलॉगच्या रूपाने. हातात धरली तर पंख्याच्या वाऱ्याने उडेल एवढीशी चोपडी, मोंस गावच्या ओयवा नावाच्या मुद्रकाने छापलेली. मुखपृष्ठावर मजकूर असा, की कै. काउंट द फोर्त्सा यांच्या ग्रंथालयातला अत्यंत समृद्ध परंतु संख्येने थोडका संग्रह 10 ऑगस्ट 1840 रोजी सकाळी 11 वाजता, बँश या गावी, चर्च रस्त्यावरच्या 9 नंबरच्या घरात, नोटरी मुर्लों यांच्या कचेरीत विकला जाईल. तारीख झाली, वेळ झाली, गाव, रस्ता, घराचा नंबर, नोटरीचं नाव, सगळं झालं. शंका घ्यायला जागा म्हणून ठेवली नव्हती. ‘समृद्ध परंतु थोडका’ हे शब्द मात्र ज्याने लिहिले त्याला मी मनोमन नमस्कार करतो. पुस्तकवेड्याच्या तोंडाला पाणी कशाने सुटतं हे त्या माणसाला नेमकं ठाऊक होतं. हजारो पुस्तकांचा लिलाव म्हटलं की माणूस थंडपणे कॅटलॉग चाळतो. थोडकी म्हटली की तो खुर्चीत सावरून बसतो.

आत कैलासवासी काउंटसाहेबांची ओळख होती. पूर्ण नाव ज्याँ नेपोम्युसेन ऑग्युस्त पिशो. बँशजवळच्या आपल्या गढीत जन्मले आणि 1 सप्टेंबर 1839 रोजी तिथेच वारले. मधलं सगळं आयुष्य पुस्तकं जमवण्यात गेलं. नीट वाचलं तर कळतं, की ते जमवण्यापेक्षा काढून टाकण्यात जास्त गेलं. काउंटचा नेम असा होता, की ज्याची दुसरी प्रत जगात कुठेही नाही आणि ज्याची नोंद कुठल्याही सूचीकाराने केलेली नाही, तेवढंच पुस्तक कपाटात ठेवायचं. एखादं पुस्तक सोन्याच्या भावाने घेतलेलं का असेना, कुठे दुसरी प्रत निघाली किंवा कुण्या विद्वानाने तळटीपेत जरी उल्लेख केला, की ते बाद. त्या काळी पॅरिसचे ब्रुने हे सूचीकारांमधले महामहोपाध्याय. त्यांच्या ग्रंथसूचीची पुरवणी बाहेर पडली आणि काउंटच्या संग्रहाचा तिसरा हिस्सा एका दणक्यात गेला. एरवी नवी सूची आली की ही मंडळी सणासारखी उघडतात. हा माणूस छातीत धडधड घेऊन उघडत असणार. ब्रुनेच्या धक्क्यातून काउंट सावरले नाहीत. नवी खरेदी थांबली, जुनी गळती चालू राहिली, आणि प्राण गेला तेव्हा कपाटात 52 पुस्तकं उरली होती. वारसांना पुस्तकांत रस नव्हता, म्हणून लिलाव.

वारसांना रस नव्हता हे वाक्य कुणीही सहज मान्य केलं. ते कुठल्याही देशात, कुठल्याही काळात, कुठल्याही संग्राहकाबद्दल खरंच असतं.

पण माझ्या मते त्या चोपडीतली सगळ्यात हुशार गोष्ट मजकुरात नव्हती, आकड्यांत होती. पुस्तकांना दिलेले नंबर सलग नव्हते. एखाद्या नंबरानंतर मधले चार गायब, पुढे बरेच गायब, मग दोन लागोपाठ. काउंटच्या मूळ वहीतले नंबर तसेच ठेवलेत आणि बाद झालेल्या पुस्तकांच्या जागा रिकाम्या सोडल्यात, असा त्याचा अर्थ. साधा लबाड माणूस यादी करायला बसला की 1 ते 52 असे आकडे ओळीने घालून मोकळा होतो. इथे भोकं ठेवली होती आणि प्रत्येक भोकात एकेक पुस्तक गेलेलं होतं. शिवाय कॅटलॉग वाचणाऱ्याच्या मनात हळूच येणार, की या गाळलेल्या नंबरांपैकी एखाद्याची दुसरी प्रत माझ्याच कपाटात असेल. म्हणजे काउंटचा एक मोहरा मी नकळत मारला आहे. एवढी गुदगुल्या करणारी रिकामी जागा छापील कागदावर मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि ती 52 पुस्तकं! प्रत्येकाच्या खाली बांधणी, कागद, छपाईचं गाव, मागच्या मालकाचा हस्ताक्षरातला शेरा, आणि काउंटची स्वतःची एखादी तिरकस टीप. पापाच्या आधी मनुष्यजातीत स्त्री-पुरुष असा भेदच नव्हता, हे सिद्ध करू पाहणारा लॅटिन प्रबंध. येशूला ‘नागरिक’ करून, राजेशाहीचा विटाळ काढून, क्रांतिकारकांसाठी शुद्ध करून घेतलेलं शुभवर्तमान. ही पुस्तकं असायलाच हवी होती असं वाटतं, इतकी ती त्या-त्या काळाच्या अंगाला चपखल बसतात. काही पुस्तकं तर थेट ठरावीक माणसांसाठी होती. एकाला आपल्या गावच्या इतिहासाचा हरवलेला दुवा सापडायचा, दुसऱ्याला आपल्या लाडक्या छापखान्याचं आजवर कुणी न पाहिलेलं पुस्तक. गळाला आमिष लावताना मासा कोणता हे बघून लावलं होतं.

सगळ्यात गाजलं ते 48 नंबरचं. प्रिन्स द लीन्य हे अठराव्या शतकातले मोठे सरदार. ऑस्ट्रियाच्या फौजेत फील्ड मार्शल, लेखक, हजरजबाबी, आणि बायकांच्या बाबतीत त्यांची ख्याती त्यांच्या लष्करी ख्यातीच्या चार पावलं पुढे. हे 1814 साली वारले. कॅटलॉगच्या म्हणण्यानुसार त्यांनी आपल्या मोहिमांवर एक पुस्तक एकाच प्रतीत छापून घेतलं होतं, आणि त्यात कोणता किल्ला कोणत्या दिवशी सर केला याची तारीखवार यादी होती. किल्ले दगडी नव्हते हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. यादी तारीखवार असली की खानदानी घरांची झोप उडते; नुसती बदनामी नाकारता येते, तारखा नाकारता येत नाहीत. लीन्य घराण्याच्या तत्कालीन राणीसाहेबांनी आपल्या माणसाला कळवलं म्हणतात, की काय वाटेल ती किंमत पडो, आमच्या त्या वांड आजोबांचे उद्योग विकत घ्या. घेऊन चुलीत घालायचे होते, हे उघड आहे. म्हणजे काउंटच्या 52 पुस्तकांना निदान एक गिऱ्हाईक असं मिळालं, की जे मजकुराच्या भीतीने पैसे मोजायला तयार होतं. बाकीच्या कुणाला मजकुराशी फारसं देणंघेणं नव्हतं.

ब्रसेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे प्रमुख बॅरन द राइफेनबर्ग हे स्वतः मोठे विद्वान. एवढा खजिना परदेशी दलालांच्या हाती जाऊ देणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी सरकारकडे खास निधी मागितला. सरकारी मंजुरी आली, पण काही पुस्तकं चावट आहेत, ती सार्वजनिक पैशातून घेऊ नयेत, अशा शेऱ्यासह आली, असं सांगतात. हे खरं असेल तर अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांवर अश्लीलतेचा ठपका ठेवण्याचा मान बेल्जियन सरकारचा. पुढे अनेक सरकारांनी पुस्तकं न वाचता त्यांवर बंदी घातली, पण पुस्तक लिहिलंच गेलेलं नसताना त्याला हरकत घेणं हे वरच्या पायरीचं काम.

तर एवढ्यावरून वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. 52 पुस्तकं नव्हती. काउंटही नव्हते. चर्च रस्त्यावर नोटरी मुर्लों नव्हते. एका माणसाने बसून एक मेलेला संग्राहक, त्याचा स्वभाव, त्याचं दुःख आणि त्याची कपाटं तयार केली होती.

मला नवल वाटतं ते लोक फसल्याचं नव्हे. पुस्तकं नसतील अशी शंका येणं कठीण. दुर्मीळ पुस्तकाची व्याख्याच मुळी ‘आपण पाहिलेलं नाही ते’ अशी. नवल आहे ते काउंटचं. बेल्जियम हा केवढा देश! 1830 साली स्वतंत्र झालेला, दहा वर्षांचा. सरदारघराण्यांच्या वंशावळी छापलेल्या, सोयरिका एकमेकांत झालेल्या, कोण कुणाचा मेहुणा हे साऱ्यांना तोंडपाठ. त्या देशात आयुष्यभर सोन्याच्या भावाने पुस्तकं घेणारा एक काउंट होऊन गेला, आणि त्याला एकाही पुस्तकविक्रेत्याने एकही पुस्तक विकलेलं नाही, एकाही विद्वानाने त्याच्याकडे चहा-कॉफी घेतलेली नाही, हे कुणाला खटकू नये? खटकलं असेलही. पण ‘हे काउंट द फोर्त्सा कोण बुवा?’ असं विचारायचं कुणी? विचारणारा लगेच उघडा पडतो. पुस्तकवाल्यांच्या बैठकीत एखादं नाव निघालं की माहीत असणारा एक आणि नसणारे नऊ, दहाही जण सारख्याच गांभीर्याने मान हलवतात. युरोपभर अशाच माना हलल्या असणार. थोड्याच दिवसांत काउंट सगळ्यांच्या ऐकिवातले झाले असतील, आणि कुणा एकाला तर ते भेटल्याचंही पुसटसं आठवलं असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

हे मान हलवणं मी जवळून पाहिलं आहे. माझ्या ओळखीचे एक ज्येष्ठ संग्राहक आहेत. त्यांच्याकडे काचेची चार कपाटं आहेत, किल्ल्या जानव्याला. पुस्तक पाहायला मागितलं की ते आधी आपले हात पाहतात, मग पंखा बंद करतात, मग स्वतःच पुस्तक काढून स्वतःच उघडतात आणि स्वतःच मिटतात. एकदा त्यांनी एका जुन्या शिळाछापाच्या पोथीचं पहिलं पान दाखवलं. कडेला कसरीने पाडलेली नक्षी होती आणि कोपऱ्यात कुणा आधीच्या मालकाने बोरूने नाव घालून खाली ‘हे पुस्तक नेणाऱ्याने परत करावे’ असा सज्जड दम लिहिला होता. ज्याने नेलं त्याने परत केलं नव्हतं, म्हणूनच ते आज या कपाटात होतं. मी म्हटलं, “अण्णा, आत काय आहे?” अण्णा माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले, जणू मी त्यांच्या घरच्या मुलीचं वय विचारलंय. “आत?” ते म्हणाले. “अहो, हिची दुसरी प्रत कुणाकडे नाही!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही वेळाने अण्णांनी आवाज खाली आणून विचारलं, “का हो, तुमच्या पाहण्यात आलीय की काय कुठे?” त्या क्षणी ‘हो’ म्हणायचा मोह मला अनावर झाला होता. आवरला, कारण अण्णांना रक्तदाब आहे.

काउंट द फोर्त्सा हे या अण्णांचं शुद्ध रूप. फरक एवढाच, की अण्णा दुसऱ्या प्रतीची बातमी ऐकून दोन दिवस जेवणार नाहीत आणि काउंट पुस्तकच टाकून देत. ज्याला पुस्तक नको, दुसऱ्याकडे नसलेलं पुस्तक हवं, त्याचा विचार तर्काने शेवटपर्यंत नेला की काउंटच उभा राहतो.

लिलावाच्या तारखेला मंडळी बँशकडे निघाली. त्या काळी घोडागाड्यांचा प्रवास. गुपित राखणं भाग होतं, कारण लिलावात आपल्याला काय हवंय हे प्रतिस्पर्ध्याला कळलं की भाव चढतो. त्यामुळे ओळखीचे ग्रंथप्रेमी रस्त्यात समोर आले तरी आपण इकडे नातेवाईकांना भेटायला आलोय, हवापालटाला आलोय, असं काहीबाही सांगत असणार. एकाच मुलीला बघायला निघालेली दोन स्थळं एसटीत शेजारी बसली तर त्यांच्यात जे बोलणं होईल, ते त्या गाड्यांमध्ये फ्रेंचमध्ये झालं असेल. बँश हे एनो प्रांतातलं छोटंसं गाव, कार्निव्हलसाठी प्रसिद्ध. तिथे वर्षातून एकदा माणसं चेहऱ्यावर एकसारखे मुखवटे चढवून रस्त्याने फिरतात. ऑगस्टमधली गर्दी मुखवट्यांशिवायच तसं करत होती, एवढाच फरक.

पण या मंडळींना रिकाम्या रस्त्यावर उभं करण्याइतका तो गृहस्थ निष्ठुर नव्हता. किंवा जास्तच निष्ठुर होता. कसं म्हणायचं ते आपण ठरवावं. लिलावाच्या आदल्या दिवशी ब्रसेल्सच्या वर्तमानपत्रांत निवेदन आलं. लिलाव रद्द! बँशच्या नागरिकांनी आपल्या थोर गावकऱ्याच्या आदराखातर संपूर्ण संग्रह गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी विकत घेण्याचं ठरवलं आहे. वाचा आणि थक्क व्हा. खोटं संपवायची वेळ आली तेव्हा त्याने खरं सांगितलं नाही, दुसरं खोटं सांगितलं, आणि तेही गावाच्या पदरात पुण्य घालून. बँशमध्ये त्या वेळी असं वाचनालयच नव्हतं. तरीही बँशला पोचलेल्यांपैकी काही जण आता निदान पुस्तकं बघून तरी घेऊ म्हणून वाचनालयाची चौकशी करत फिरले, म्हणतात. आधी नोटरी विचारत, मग वाचनालय विचारत. गावकऱ्यांची त्या दिवसाची करमणूक काय वर्णावी! परगावचे, चांगल्या कपड्यांतले, वयस्क विद्वान दारोदार जाऊन एका नसलेल्या माणसाच्या नसलेल्या पुस्तकांचा पत्ता विचारतायत.

या सगळ्यामागचे सूत्रधार रेनिए शालों. जन्म मोंसचा, 1802 चा. जुन्या नाण्यांचे गाढे अभ्यासक, मोंसच्या ग्रंथप्रेमी मंडळातलं मोठं नाव. म्हणजे बाहेरचा कुणी टवाळ नव्हे, त्याच पंगतीत बसणारा माणूस. हे महत्त्वाचं. पुस्तकवेड्यांची थट्टा बाहेरच्याने केली तर ती ‘रद्दी कशाला जमवता’ याच्या पुढे जात नाही. कुणाची दुखरी नस कुठे आहे, कोण कोणत्या छापखान्यावर जीव टाकतो, ब्रुनेचं नाव घेतलं की कोण सुस्कारा सोडतो, हे कळायला माणूस आतलाच लागतो. आणि काउंटचं दुःख असं हुबेहूब उतरायला थोडंफार ते दुखणं स्वतःलाही असावं लागतं. नाण्यांच्या अभ्यासकाला खोटं नाणं ओळखता येतं. पाडता येत असेल अशी शंका मात्र लोक घेत नाहीत.

शालोंचा हा खेळ एकदाच झाला असं नाही. पुढे ब्रसेल्समध्ये त्यांनी चार विद्वान मित्र जमवून एक मिश्कील विद्वत्सभा काढली. नाव ग्रीक, थाट अकादमीचा, आणि मानचिन्ह डुक्कर. गंभीर विद्वत्तेची इतकी गंभीर टिंगल करायला फार मोकळा वेळ लागतो, आणि तो एकोणिसाव्या शतकातल्या सुखवस्तू विद्वानांकडे भरपूर होता. शालों 1889 पर्यंत जगले.

एक गोष्ट इथे सांगून टाकतो, कारण ती या प्रकरणाच्या शेजारीच राहते. काउंट अवतरण्याच्या चार वर्षं आधी, 1836 साली, पॅरिसच्या न्यायालयीन बातम्यांच्या एका वर्तमानपत्रात बार्सिलोनाचा खटला छापून आला. डॉन व्हिसेंते नावाचा माजी मठवासी, मठ बंद पडल्यावर जुन्या पुस्तकांचं दुकान काढतो. विकण्यापेक्षा न विकण्याकडे त्याचा ओढा. लिलावात 1482 सालचं, एकमेव प्रत असलेलं पुस्तक प्रतिस्पर्धी जास्त बोली लावून नेतो. काही दिवसांत त्या प्रतिस्पर्ध्याचं घर जळतं, तो मरतो, आणखीही खून होतात, आणि ते पुस्तक डॉन व्हिसेंतेच्या फळीवर सापडतं. बचावाचा वकील हुशार. तो कोर्टात सांगतो, की याच पुस्तकाची दुसरी प्रत पॅरिसमध्ये आहे. म्हणजे माझ्या अशिलाकडची प्रत मयताचीच हे कशावरून? अशिलाने आनंदाने उडी मारायला हवी होती. तो हंबरडा फोडतो. फाशीसाठी नव्हे. प्रत एकमेव नाही म्हणून!

ही बातमी वाचून रूआँ गावच्या गुस्ताव्ह फ्लोबेअर नावाच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराने तिच्यावर कथा लिहिली, ती 1837 च्या सुरुवातीला छापूनही आली. त्याचं हे छापलेलं अगदी पहिलंवहिलं लेखन. पुढे शंभरेक वर्षं ग्रंथप्रेमाच्या पुस्तकांत डॉन व्हिसेंतेची हकिकत खरा गुन्हा म्हणून मानाने छापली जात राहिली. 1920 च्या दशकात एका कातालान ग्रंथाभ्यासकाने शोध घेतला, तर बार्सिलोनात असा खून नाही, असा खटला नाही, असा पुस्तकविक्रेता नाही. पॅरिसमध्ये कुणीतरी तो बसल्या जागी रचला होता. इतकी वर्षं कुणी तपासलं का नाही? कारण प्रत्येक ग्रंथप्रेमी ही हकिकत वाचून आधी चुकचुकला, आणि मग मनात म्हणाला, की खून वाईटच, पण दुसरी प्रत निघणं म्हणजे… डॉन व्हिसेंते आणि काउंट द फोर्त्सा हे दोघेही जन्माला आले नाहीत हे त्यांच्या शेजाऱ्यांचं भाग्य.

आता त्या चोपडीकडे. कॅटलॉग छापला गेला मोजक्याच प्रतींत, गेला ठरावीक माणसांना, आणि फसवणूक उघडी पडल्यावर ज्यांना मिळाला होता त्यातल्या कित्येकांनी शरमेने फाडून टाकला असणार. म्हणजे दुर्मीळ होण्यासाठी लागणारं सगळं काही त्याच्याबाबतीत घडलं. लिलाव न झालेल्या पुस्तकांचा तो कॅटलॉग पुढे स्वतः लिलावांत विकला जाऊ लागला. मागणी आली, तशी पुनर्मुद्रणं आली. 1857 साली खुद्द मुद्रक ओयवाने या प्रकरणाची कागदपत्रं आणि हकिकत पुस्तकरूपाने काढली. पुनर्मुद्रणं आली म्हटल्यावर खरी 1840 ची प्रत कोणती आणि मागाहूनची कोणती हे पारखणं आलं. कागद उजेडात धरून, टाइप भिंगाखाली घेऊन, लोक आजतागायत ठरवतात की हातातली थाप अस्सल थाप आहे की थापेची नक्कल. अस्सल असेल तर खिसा मोकळा करतात. 1941 साली अमेरिकेत वॉल्टर क्लाइनफेल्टर यांनी या प्रकरणावर पुस्तक लिहिलं, आणि आता तेही जमवणारे आहेत.

गंमत म्हणजे काउंटने हा कॅटलॉग आपल्या संग्रहात ठेवला नसता. एकाहून जास्त प्रती. वर ब्रुनेच्या वंशजांनी सूचीत नोंद केलेली. दोन्ही निकषांवर बाद.

शालोंनी फसवलं, पण कुणाचा एक फ्रँक बुडवला नाही. बुडाला तो गाडीभाड्याचा. याच धंद्यात नंतर असा एक आला, की ज्याच्यापुढे शालों संत वाटावेत. लंडनचे टॉमस जे. वाइज. 1859 चा जन्म, सुगंधी तेलांच्या पेढीत नोकरी, आणि फावल्या वेळात इंग्रजी कवींच्या पहिल्या आवृत्त्यांचे जगातले सर्वांत मोठे जाणकार. ग्रंथसूचीशास्त्राच्या संस्थेचे अध्यक्षसुद्धा झाले. श्रीमंत संग्राहक त्यांना विचारल्याशिवाय पुस्तक घेत नसत. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगच्या सुनीतांची 1847 सालची, कुणाला माहीत नसलेली छोटी पुस्तिका याच वर्तुळातून बाजारात आली आणि मानाने विकली गेली. 1934 साली कार्टर आणि पोलार्ड या दोन तरुण पुस्तकवाल्यांनी तिचा आणि तिच्यासारख्या इतर पुस्तिकांचा कागद तपासला. इंग्लंडमध्ये कागदात एस्पार्टो गवत वापरायला लागले ते 1860 च्या दशकात. त्याआधीचं साल मिरवणाऱ्या काही पुस्तिकांत ते गवत आधीच उगवलं होतं! एकामागून एक अशा बऱ्याच पुस्तिका बाद झाल्या. वाइजनी शेवटपर्यंत कबुली दिली नाही आणि 1937 साली वारले. आज वाइजची बनावट पुस्तिका ही ‘वाइजची बनावट पुस्तिका’ म्हणून जमवली जाते आणि तिलाही चांगला भाव येतो. खोटेपणाची खात्री पटलेली, खरी खोटी प्रत.

वाइज गेल्यावर त्यांचा अवाढव्य संग्रह ब्रिटिश म्युझियमने 66,000 पौंडांना घेतला. पुढे वीसेक वर्षांनी डेव्हिड फॉक्सन नावाच्या तिथल्याच ग्रंथपालाच्या लक्षात आलं, की म्युझियममधल्या सतराव्या शतकातल्या जुन्या नाटकांच्या प्रतींतली पानं गायब आहेत. ती कुणीतरी हळूच काढून नेली होती. पान पानाशी जुळवून पाहिलं, फाटलेली कड कडेला लावून पाहिली, तर त्यांतली कित्येक पानं वाइज यांच्या प्रतींत, सोनेरी कडांच्या सुंदर बांधणीत, अपुऱ्या प्रती पूर्ण करायला बसवलेली निघाली. आणि त्या प्रती आता म्युझियमच्याच फडताळात होत्या, रीतसर पैसे मोजून घेतलेल्या. दुर्मीळ पुस्तकांच्या नोंदवहीत ‘पूर्वीचे मालक’ असा एक रकाना असतो. त्या पानांपुढे म्युझियमच्या बिचाऱ्या कारकुनाला आपल्याच संस्थेचं नाव घालावं लागणार होतं.